शिशाच्या एप्रनमधली पांढरी रेघ

मी एक जुना शिशाचा एप्रन आहे, मित्रांनो. विनिपेगमधल्या मुलांच्या दवाखान्यात, पडद्यावर बघत बघत उपचार करतात त्या खोलीत माझं आयुष्य गेलं. इथे मोठी चिरफाड नसते. टाचणीएवढ्या भोकातून सुई आत जाते आणि क्ष-किरण तिची वाट पडद्यावर दाखवतात. एक मूल दोन-चार वेळा येतं. खोलीत काम करणारे मात्र रोज तिथेच. त्यांच्या वाटचे किरण अडवायला मी.

माझ्या आत शिसं मिसळलेलं रबर आहे. त्याचा नियम एकच. टांगा, घडी घालू नका. घडी पडली की आत चीर जाते आणि वरचं निळं कापड जसंच्या तसं दिसतं. म्हणून दर पानगळीत मला यंत्राखाली धरून तपासतात.

बारा वर्षं मला लिगायाने घातलं. यंत्र चालवणारी ही फिलिपिनो बाई मोठी बडबडी. बाराव्या वर्षीच्या हिवाळ्यात मात्र ती गप्प झाली. माझी गाठ सैल बांधू लागली. एकदा माझ्याखालून तिचा तळवा पोटावर गेला आणि मला कळलं. तिसरा महिना होता. दवाखान्यात तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "आधी आई येऊ दे मनीलाहून," असं ती नवऱ्याला फोनवर म्हणाली.

तिची कंबर दुखायची. दोन कामांच्या मध्ये ती माझी घडी करून खुर्चीत पाठीशी घ्यायची. मी उशी झालो. मग एका दुपारी माझ्या आत बारीकसं काहीतरी तुटलं, नेमकं तिच्या पोटावर येणाऱ्या जागी. तपासणीला अजून आठ महिने होते, आणि मला तोंड नव्हतं. यंत्र गुरगुरलं की मी भीतीने गार पडायचो.

अशात सिग्नी आली. सहा वर्षांची, तळ्याकाठच्या कोळ्याची मुलगी. तिच्या गुडघ्यात रक्तवाहिन्यांचा गुंता होता. सुईने औषध घालून तो बंद करायचा होता. तिने दाराची चौकट धरली, ती सोडेना.

"मासे साफ करताना हात थरथरत नाही तुझा, आणि सुईला भितेस?" बाप म्हणाला.

"मासा मेलेला असतो, बाबा!"

लिगाया खाली बसली. सकाळी पहिलं मूल घेण्याआधी यंत्र चालवून बघायचंच असतं. "आधी तुझ्या काखेतल्या पक्ष्याला टेबलावर झोपवू का?"

सिग्नीने कापडी पेलिकन पुढे केला. "पण त्याला कोट घाला. तुमचाच."

"माझ्या कोटात बुडेल की गं तो!"

"पेलिकन बुडत नसतात."

लिगाया हसली, मला काढून पक्ष्यावर पांघरलं आणि किरण अडवणाऱ्या जाड काचेमागे जाऊन यंत्र सुरू केलं. पडद्यावर सगळं काळंकुट्ट. मधोमध मात्र वीतभर पांढरी रेघ.

"तुमच्या कोटातून उजेड येतोय," सिग्नी म्हणाली.

लिगायाचा हात पोटावर गेला. सुई घालायला आलेल्या डॉक्टर ओलेना यांनी पडदा पाहिला, मग तो हात.

"किती महिने?"

"तीन."

"आणि मला आज कळतंय? बाहेर हो आधी. दुसऱ्या कुणाला बोलावते." लिगाया डोळे पुसत दाराकडे निघाली.

"माझ्यामुळे रडतायत का त्या?" सिग्नीने बापाला विचारलं.

लिगाया दारातून परत फिरली. "नाही गं बाई. तू नसतीस तर मला दिसलंच नसतं." मग सिग्नीने चौकट सोडली. पेलिकन कुशीत घेऊन ती टेबलावर चढली. संध्याकाळी ती लंगडत का होईना, आपल्या पायांनी घरी गेली.

लिगाया माझ्याखाली, पोटाशी एक बिल्ला लावायची. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळतं. तो तपासायला गेला. बारा दिवस ती रोज येऊन माझ्या कापडावरून बोट फिरवायची, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे. तेराव्या दिवशी उत्तर आलं. बहुतेक वेळ ती काचेमागे उभी होती, म्हणून पोटापर्यंत जवळजवळ काही पोचलं नव्हतं. ती माझ्यात तोंड खुपसून रडली.

मित्रांनो, आता मी कामाचा नाही. दाराशी टांगलेला असतो, सरळ, शेजारी माझ्या चिरेचं चित्र. नवे लोक ते बघून आत जातात. जो तुमच्या अंगावरचं स्वतःवर घेतो, त्याची उशी करू नका. तो कुठे तुटलाय हे तो सांगत नाही.

उन्हाळ्यात सिग्नी दुसऱ्या सुईला आली. भीती होतीच, पेलिकनची मान आवळलेली होती. आत जाताना ती माझ्यापाशी थांबली आणि नव्या एप्रनमधल्या बाईला म्हणाली, "तुमचा दाखवा आधी."