अकरा मुके हात

आमच्या तुंगांच्या मुष्टिविद्येत चौसष्ट हातांचा, म्हणजे डावांचा, एक फेर आहे आणि त्यातले अकरा हात मुके आहेत. म्हणजे काय, तर हाणता हाणता, वळता वळता माणूस एकाएकी थांबतो, तळवा छातीपुढे धरतो, एक श्वास जाऊ देतो आणि मग पुढे निघतो. समोर कोणी नसतं. नुसतं उभं राहायचं. या अकरा थांब्यांवर आमच्या घराण्यात जेवढं बोललं गेलंय, तेवढं देवाधर्मावरही कोणी बोललं नसेल. माझा थोरला भाऊ पाओथ्येन, म्हणजे घराण्याचा सध्याचा वस्ताद, तर डोळे मिटून सांगतो, "इथे मुठीनं नाही, मनानं मारायचं असतं." शिष्य माना डोलावतात. मीही साठ वर्षं डोलावली, खोटं कशाला बोलू?

मी तुंग क्वेइचन. गावच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण होते. अक्षर बरं, म्हणून यंदा वंशावळ उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोण कुणाकडे शिकलं, त्यानं पुढे कुणाला शिकवलं, हे सगळं दर तीस वर्षांनी नव्या वहीत लिहायचं, छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांची थडगी साफ करताना घराण्याच्या मूळ पुरुषाच्या, थोरल्या वस्तादांच्या थडग्यापुढे वाचायचं आणि वही शिवून टाकायची. एकदा शिवली की पुढली तीस वर्षं तिच्यात टिंबसुद्धा पडत नाही.

छिंगमिंग आठ दिवसांवर आलं होतं. मी अंगणात शाई उगाळत बसले होते, तेवढ्यात दाराशी एक तीनचाकी थांबली आणि तिच्यातून छी युंगलू उतरले. वय एक्क्याऐंशी. कालव्याच्या पश्चिम काठावरच्या घराण्याचे म्हातारे वस्ताद. सत्तर वर्षांत त्यांच्याकडचं कोणी आमच्याकडे मयतीलाही आलेलं नाही.

"मास्तरीणबाई, कुत्रं सोडू नका, मी बोरं घेऊन आलोय," ते दारातूनच म्हणाले.

"कुत्रं गेल्या साली मेलं. या आत."

त्यांनी बोरांची पिशवी ठेवली, टेकले, आणि आढेवेढे न घेता म्हणाले, "जुन्या वहीत माझ्या आजोबांबद्दल काय लिहिलंय, तुम्हाला ठाऊक आहे."

होतंच ठाऊक. थोरल्या वस्तादांच्या नावाखाली एकच शिष्य आहे: त्यांचा मुलगा तुंग वानशान, आमचे आजोबा. आणि त्याखाली ओळ आहे, 'छी फूचांग नावाच्या गड्यानं भिंतीवरून डोकावून फेर चोरला. तो शिष्य नव्हे.' आमच्या धंद्यात हरलेल्याला मान असतो, चोराला नसतो. फूचांग पलीकडच्या काठाला गेले, तिथे शिकवू लागले. त्यांचा फेर आमच्यासारखाच, पण सगळा उफराटा. आम्ही पुढे जातो तिथे ते मागे येतात. लहानपणी आम्ही त्यांना खेकडे म्हणायचो.

"शिष्य म्हणून त्यांचं नाव लिहा, एवढंच मागणं आहे," युंगलू म्हणाले. "पुढली वही निघेल तेव्हा मी कुठे असेन? शाळेत चोराचा नातू, लग्नात चोराचा नातू. मरताना तरी तसा मरू नये असं वाटतं हो."

आवाज ऐकून पाओथ्येन बाहेर आला. त्यानं पाहुण्याला हाक मारली नाही की नमस्कार केला नाही. "पुरावा काय?" म्हणाला.

"पुरावा माझ्या अंगात आहे. फेर बघा माझा."

"चोरीचा माल चोराच्याच दुकानात जाऊन बघायचा?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, ऐंशी वर्षांचा माणूस दारात आलाय, चहा तरी विचारशील की नाही? लाज आहे का काही? आणि वही मी लिहितेय. न बघता मी 'हो'ही लिहिणार नाही आणि 'नाही'ही लिहिणार नाही. उद्या सकाळी खळ्यावर या, छीकाका."

पाओथ्येन पाय आपटत आत गेला. चहा मीच केला.

आता माझी पद्धत सांगते. शाळेच्या शर्यतींसाठी मैदानावर फक्की मारण्यात माझा जन्म गेला. नव्या पोरांना फेर शिकवायचा तर मी खळ्यावर पांढऱ्या फक्कीनं पावलं काढून देते, की ठेवा यात पाय. सकाळी तशीच आमची चौसष्ट हातांची पावलं काढली. मग विटेची लाल भुकटी घेतली. म्हटलं, काकांची पावलं लालनं काढू आणि पोरांच्या वहीतल्या चुका तपासतात तशा तपासू. कुठे अर्धवट बघितलं, कुठे विसरले, कुठे मनचं घातलं, सगळं उघडं पडेल. खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते चोराचेच नातू होते.

"तुमची सुरुवात कुठे?" काकांनी विचारलं. मी दाखवली. ते आमच्या पहिल्या पावलांच्या समोर जाऊन, दोन हात जागा सोडून, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"तिकडे का?"

"आजोबा सांगायचे, समोर दोन हात जागा मोकळी सोडून उभं राहायचं. का, ते नाही सांगितलं."

ते एकेक पाऊल टाकायचे आणि थांबायचे. मी मागून ओणवी होऊन लाल भुकटी सोडायची. दोन तास लागले. माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, म्हातारा मात्र ताजातवाना. "मास्तरीणबाई, हात द्यायला येऊ का?" म्हणून वर चिडवत होता. सगळं झाल्यावर मी शिडी लावून गच्चीवर चढले आणि वरून खाली पाहिलं.

एकही लाल पाऊल पांढऱ्यावर पडलेलं नव्हतं.

पांढरं पुढे सरकतं तिथे लाल तेवढंच मागे हटलेलं. लाल वळसा घेतं तिथे पांढरं आतून वळलेलं. आणि आमचा मुका हात येतो, दोन पांढरी पावलं जोडून उभी असतात, तिथे एक लाल पाऊल थेट त्यांच्या पुढ्यात घुसलेलं. मी बोटांनी मोजलं. परत मोजलं. अकरा. मी तिथेच गच्चीवर बसकण मारली. अहो, ज्या जागी समोरच्याचा ठोसा यायचा, त्या जागी आम्ही साठ-सत्तर वर्षं ध्यान लावून उभे होतो! मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं कळलं नाही. हे दोन फेर नव्हतेच. थोरल्या वस्तादांनी दोघांसाठी एकच बांधला होता आणि एकेकाला अर्धा अर्धा दिला होता. कोण होतं ते डोकं! आणि सत्तर वर्षं दोन्ही काठांवर एकमेकांना शिव्या देत देत माणसांनी तो तसूभरही न बिघडवता सांभाळला होता.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. असा फेर भिंतीवरून डोकावून चोरता येत नाही. तो समोरच्याच्या अंगावर शिकावा लागतो. फूचांगच्या समोर रोज कोण उभं राहत होतं? आमचे आजोबाच. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वस्ताद गेल्यावर गादी कुणाची, एवढ्यासाठी त्यांनी आपल्या जोडीदाराला चोर ठरवलं. मला खांद्यावर बसवून जत्रेत नेणारे आमचे आजोबा.

मी पाओथ्येनला वर बोलावलं. तो कठड्याशी उभा राहिला आणि पाहतच राहिला. मग म्हणाला, "योगायोग असेल."

"अकरा वेळा?"

"तू आजोबांना खोटारडं ठरवतेस."

"मी कोण ठरवणार? पावलं बघ ना."

तो खाली उतरला. मला वाटलं, आता खराटा घेऊन सगळं पुसून टाकणार. मीही धावतच उतरले. पण तो खळ्यावर गेला आणि आमच्या पहिल्या पांढऱ्या पावलांत पाय ठेवून उभा राहिला.

"चला, होऊन जाऊ दे," तो काकांना म्हणाला. "लागलं बिगलं तर मी जबाबदार नाही."

"तुझ्यात लागण्याएवढा जोर उरलाय का?" काका म्हणाले.

पहिल्याच हाताला मनगटावर मनगट आदळलं. पाओथ्येन दचकला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्या हातापुढे त्याला काही लागलं नव्हतं. सातव्या हाताला पहिला मुका थांबा आला. त्यानं तळवा छातीपुढे धरला, आणि काकांची मूठ येऊन बरोब्बर त्या तळव्यात बसली. टप्प. त्यापुढे मी मोजायचं सोडून दिलं. दोघं आधी चाचपत होते, मग चाचपायचे थांबले. एकाची कोपर निघायची तेव्हा दुसऱ्याचा खांदा आधीच वळलेला असायचा. खाली पावलांकडे कोणी बघत नव्हतं. जन्मात एकमेकांसमोर फेराला न उभी राहिलेली ही दोन म्हातारी माणसं, आणि त्यांच्या हातांची मात्र जुनी ओळख होती!  हात जोडावेसे वाटत होते, पण कुणाला, ते कळत नव्हतं.

शेवटच्या हाताआधी आमची पांढरी पावलं लाल पावलांना वळसा घालून पाठीमागे जातात. पाओथ्येन काकांच्या मागे जाऊन उभा राहिला. आणि काका थांबले.

"पुढचं नाही जमायचं," ते धापा टाकत म्हणाले. "आमच्यात शेवटी उताणं पडायचं असतं. अंग राखायचं नाही, सरळ पाठीवर, धाडकन. का, ते कुणालाच माहीत नाही. आजोबा तसेच पडायचे, वडील तसेच पडायचे. मीही पडलो सत्तरीपर्यंत. आता हाडं ऐकत नाहीत रे."

आमचा शेवटचा हात मला माहीत होता. गुडघे वाकवायचे आणि दोन्ही हात, तळवे वर करून, पुढे खाली पसरायचे. त्याला आम्ही धरतीला वंदन म्हणतो.

पाओथ्येननं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.  मग त्यानं गुडघे वाकवले आणि हात पसरले.

"पडा," तो म्हणाला.

काकांनी मान वळवली नाही. मागे कोण उभं आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आयुष्यभर ज्यांनी चोर म्हटलं, त्यांचाच नातू. त्यांनी टाचा मातीत घट्ट रोवल्या.

"मी आहे, दादा," पाओथ्येन म्हणाला. त्यानं त्यांना आजवर कसलीही हाक मारली नव्हती. "आमच्या आजोबांनी सोडलं तसं मी नाही सोडणार. पडा."

आणि म्हातारा पडला. झाड पडावं तसा, सरळ, मागे. पाओथ्येनच्या हातांनी त्यांना झेललं, त्याचे गुडघे टेकले, पण हात टेकले नाहीत. काका तसेच त्याच्या हातांवर आभाळाकडे बघत राहिले.

"पाठीला माती लागली नाही," ते हळूच म्हणाले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

पाओथ्येन माझ्यावर खेकसला. "क्वेइचन, बघत काय बसलीस? वही आण. शिष्य दोन होते असं लिही. आणि आपल्या आजोबांनी काय केलं तेही लिही. स्वच्छ अक्षरात."

मी घराकडे पळाले. शाई सांडली, दौत शोधली, पुसली, सगळ्याला वेळ गेला. वही घेऊन परत आले तेव्हाही त्यानं त्यांना खाली ठेवलं नव्हतं.