पाऱ्याचे यंत्र आणि न लागणारे दार

मित्रांनो, मी एक जुने, पाऱ्याचे बीपीचे यंत्र आहे. माणसाच्या काळजातले मला सगळे कळते. म्हणजे वरचा आकडा आणि खालचा आकडा. बाकीचे मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

अकोले तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात टेबलावर मी बावीस वर्षे काढली. तरुणपणी माझा मोठा मान होता. माझी पट्टी दंडाला गुंडाळली की बोलघेवडी माणसेसुद्धा गप्प होत. आकडा आला की सिस्टर तो मोठ्याने सांगत आणि ओसरीवर बसलेले त्यावर आपले मत देत. इथली पद्धतच तशी. दाराला कडी नव्हती, त्यामुळे ते सदा उघडे असायचे.

पंधरा वर्षांपूर्वी कडूबाई माझ्यापुढे येऊन बसली. मांडीवर तान्ही रोहिणी. कडूबाईला झोप नव्हती, घास उतरत नव्हता, दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी एकशे दहा-सत्तर दाखवले. त्या वेळच्या सिस्टरांनी 'नॉर्मल' लिहिले. मी खोटे बोलले नव्हते. पण त्या एका शब्दाच्या जोरावर गावाने तिला आळशी ठरवले, आणि ते नाव तिला चिकटले ते चिकटलेच.

गेल्या वर्षी भाताला लोंब्या फुटायच्या बेतात होत्या तेव्हा तीच कडूबाई रोहिणीला घेऊन आली. रोहिणी नववीत. फळ्यापुढे उभे केले की तिचे हात थरथरत. बाकीच्या मुली मधल्या सुट्टीत खिदळू लागत, हिची छाती मात्र संध्याकाळपर्यंत धडधडत राही. महिनाभर ती शाळेत गेली नव्हती, की कोणाशी धड बोलली नव्हती.

"अशक्तपणा हाय, सिस्टर," कडूबाई म्हणाली. "एक सलाईन लावा."

"मोबाईल काढून घे तिचा, कडूबाई. उद्या नाचंल पोरगी," ओसरीवरून कारभारी आजोबांनी निदान केले. ते गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आले होते.

निकिता सिस्टर नुकत्याच नगरहून प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांनी रोहिणीला बाकावर बसवले आणि आधी कडूबाईचे बीपी घेतले. आकडा ठीक आला. पट्टी तशीच ठेवून त्यांनी सवयीने मोठ्या आवाजात विचारले, "घरात कुणाला मनाचा आजार होता का? उदासपणाचा?"

ओसरीवरच्या माना दाराकडे वळल्या. आजोबा गुडघा विसरले.

"न्हाई!" कडूबाई म्हणाली. "आमच्यात तसलं काय बी न्हाई. पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

सिस्टरांनी पुन्हा फुगा दाबला. या वेळी पहिला ठोका, म्हणजे वरचा आकडा, एकशे बावन्नला पडला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग उघड्या दाराकडे. पट्टी सोडली, दार लोटले आणि ते उघडू नये म्हणून त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"माझंच चुकलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता सांगा. आई-आजीला असलं म्हणजे पोरीला होईलच असं नाही. पण धोका जास्त असतो. अशा काही पोरींचं अंग ताणाला लवकर पेटतं आणि उशिरा विझतं. वेळेत कळलं तर उपाय आहेत."

कडूबाई पदराचे टोक पिळत राहिली.

"हुतं," ती म्हणाली. "मला हुतं. माझ्या आयला बी हुतं. तिला देवऋष्याकडं नेलं, मला कुठंच न्हाई."

रोहिणीने मान वर केली. "मंग तू आळशी न्हवतीस व्हय, आई?"

"न्हवते गं बाय."

माझी पट्टी तेव्हा टेबलावर होती. त्यामुळे कोणाचे किती चढले आणि किती उतरले, ते मला सांगता येणार नाही.

रोहिणी आता शाळेत जाते. दर पंधरवड्याला तालुक्याहून समुपदेशक बाई येतात, त्यांच्याशी आतल्या खोलीत बसून बोलते. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. माझा पारा काढून नेला, आणि टेबलावर सेलवर चालणारे यंत्र आले. मी भंगारातच जायचे, पण निकिता सिस्टरांनी ठेवून घेतले. रोहिणी आत आली की बाई मला आतून दाराला टेकवतात. माझा इतका उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

मित्रांनो, आकडा ठीक आला म्हणून माणूस ठीक आहे असे समजू नका. आणि कोणाला मनातले विचारायचे असेल, तर आधी दार लावा.

कडीचा अर्ज मंजूर झाला आहे. कडी आलेली नाही.