फुंकरबाबांची स्वच्छ धार

"मागे सरा! बाबा श्वास भरतायत!"

दर रविवारसारखं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या कुंपणाला अख्खं गाव चिकटलं होतं. पाइपातून काळं, घाण वासाचं पाणी पडत होतं. फुंकरबाबा त्यावर वाकले.

"घाण पाण्यात हवा मारून ते शुद्ध करायला यंत्राला वीज लागते, मला नुसता श्वास पुरतो! ज्याचं मन स्वच्छ, त्यालाच पाणी स्वच्छ दिसेल!"

एवढं ऐकल्यावर घाण दिसते म्हणायची कोणाची छाती होणार? बाबांनी गाल फुगवून फुंकर मारली. काळी धार आटली आणि काचेसारखी नितळ धार सुरू झाली. लोकांनी भांडी पुढे केली.

त्या केंद्रावरची यंत्रं माझा सख्खा दादा चालवतो. मी शाळेत असताना मला विज्ञान शिकवलं ते त्यानेच. मी विचारलं, "दादा, हे कसं रे?"

"काही गोष्टी पुस्तकात नसतात," तो खाली बघत म्हणाला. दादाच म्हणतोय म्हटल्यावर मीही मानलं.

तशी मी पाणी दोनदा उकळणारी बाई. सासूबाई म्हणतात, "हिचं चाललं तर ही पाण्यालाही आंघोळ घालेल!" फुंकर आठवडाभर टिकते, असं बाबांनी सांगितलं होतं. म्हणून सासूबाईंनी मंगळवारी त्याच पाइपाखाली बाटली भरली आणि माझ्या दीड वर्षाच्या बाळाला दोन घोट पाजले. पाणी जरा गढूळ दिसलं, पण आपलंच मन मळलं असेल असं त्यांना वाटलं.

गुरुवारी बाळ दवाखान्यात होतं. इवल्याशा हाताला सलाइन. "मैल्याचं पाणी पोटात गेलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी उशीर केला असता तर..."

रविवारी बाळाला घरी आणलं. मी ओट्याशी पातेलं भरत होते. केंद्राकडून जयजयकार ऐकू आला आणि त्याच क्षणी नळाची धार करंगळीएवढी झाली.

"दर रविवारी ऐन वेळेला मेला नळ जातो!" सासूबाई करवादल्या.

दर रविवारी? मी पातेलं तसंच ठेवलं. नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक तपासायचे थेंब दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला दिलेले आहेत. औषध असलं की पाणी पिवळं होतं. ती बाटली आणि एक पेला घेऊन मी केंद्राकडे धावले.

बाबांच्या धारेखाली पेला धरला, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"बघा, सोनं झालं!" बाबा गरजले.

"सोनं नाही, आमच्या नळाचं पाणी आहे. तुमच्या फुंकरीत जंतुनाशक कुठून आलं?"

मी भिंतीमागे गेले. तिथे पाण्याच्या दोन चाव्या आहेत. एक मैल्याच्या पाण्याची, दुसरी केंद्र धुवायला जोडलेल्या गावच्या नळाची. मी डबा घेऊन जायचे तेव्हा दादानेच कौतुकाने दाखवलेल्या. आताही त्याचा हात दुसरीवरच होता.

"बंद कर, दादा."

"हळू बोल गं. पाण्यात हवा मारणारी मोटर जळली, तेल घालायचं मी विसरलो. नोकरी गेली असती. बाबा म्हणाले, मी सांभाळतो. आणि रविवारचं पाणी तर चांगलंच होतं ना?"

"मंगळवारचं बाळ प्यायलं."

त्याने स्वतःच्या हाताने नळाची चावी बंद केली आणि मैल्याची उघडली. बाबांचे गाल फुगलेलेच होते. पाइपातून काळं पाणी भसकन त्यांच्या पायांवर पडलं.

"कोणाचं तरी मन मळलंय!" बाबा ओरडले.

"मन नाही, मोटर जळलीय!" बाळाला कडेवर घेऊन माझ्यामागे आलेल्या सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं; त्या कडाडल्या.

नवी मोटर बसली. परवा दादा घरी आला. "आता नळाच्या चावीला हात लावत नाही, पाणी तपासूनच सोडतो. विश्वास ठेव."

मी त्याला चहा दिला. मग वाटीत नळाचं पाणी घेऊन त्याच्यासमोरच थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, तरी त्याने मान खाली घातली.

चमत्कार करणाऱ्याचे गाल बघू नका, भिंतीमागे चावीवर कोणाचा हात आहे ते बघा. आणि तो हात सख्ख्या भावाचा असला, तरी पाणी तपासूनच प्या.