आधी जुना पार्ट काढला

“तुन्हा कॉम्प्युटरना डबडामा शनिवारपावत साडीना रंग दिसनात, तर मी मिशा काढसू!” लिंबायतच्या आमच्या गल्लीत सगळ्यांसमोर बन्सीलालने मिशीवर ताव दिला.

“आनि नही दिसनात तर?”

“तर रंजनावहिनीसारखं लुगडं नेसीसनी तू नळवर जाशी. बायास्नी लाइनमा उभा राहीसनी एक हंडा भरशी.”

“मंजूर!” मी टाळी दिली.

“लुगडं मी देसू, हिरवंगार,” भागीरथी मावशी दारातूनच ओरडली.

गल्लीत असल्या शर्ती मीच लावायचो आणि बहुतेक मीच जिंकायचो. वीस वर्षं लूम्सवर मिस्त्री होतो मी. त्या खडखडाटात उजवा कान कायमचा गेला. डॉक्टर म्हणाला, वाल्मिक, अजून दोन वर्षं तिथं काढलीस तर डावाही गेला समज. म्हणून हातापाया पडून शेठच्या डिझाइनच्या खोलीत घुसलो. ९९ सालची गोष्ट. तिथं लिनक्सवाला कॉम्प्युटर होता, कारखान्याच्या सगळ्या साड्यांची डिझाइनं त्यात. शेठने पहिल्याच दिवशी गुजरातीत दम भरलेला, “बगड्युं, तो पाछो लूम पर!” काही बिघडलं की परत लूमवर.

शनिवारी दुपारी मी मासिकाबरोबर आलेली सीडी घातली. रंग दाखवणारा नवा प्रोग्राम तिच्यात होता. बसवायला गेलो तर मशीन म्हणे, लायब्ररी जुनी आहे, नवी लागेल. लायब्ररी म्हणजे सगळे प्रोग्राम मिळून वापरतात तो सामाईक पार्ट. बरं, नवी घालायला गेलो. तर म्हणे, बाकीचं सगळं जुनीवरच चालतं, नवी बसणार नाही.

मला हसू आलं. मिस्त्रीला शिकवतंय! लूमवर नवा पार्ट अडला तर आधी जुना काढायचा, मग नवा ठोकायचा. मी जबरदस्तीचा हुकूम दिला आणि जुनी लायब्ररी काढून टाकली.

मग नवी बसवायला गेलो, तर म्हणे, लायब्ररी सापडत नाही. डिझाइनची नुसती यादी मागितली. तेच उत्तर. तेव्हा डोक्यात उजेड पडला. नवा पार्ट बसवणारं अवजारसुद्धा त्या जुन्याच पार्टवर चालत होतं! घाबरून मशीन बंद करून चालू केलं. ते तर मुळीच करायला नको होतं. आता पडद्यावर एक ओळ, आणि पुढं काहीच नाही.

भिंतीपलीकडे लूम्स चालूच होते. मी डाव्या कानावर तळहात दाबून बसलो.

चारला येणारे शेठ तीनलाच आले. “शुं थयुं?”

“काही नाही शेठ, जरा डुलकी लागलीय त्याला.”

शेठ हसले नाहीत. मीही नाही.

त्यांनी फोन केला तसा कतारगामचा कॉम्प्युटरवाला पराग आला. त्याने दुसऱ्या सीडीवरून मशीन उठवलं, जुनी लायब्ररी जागेवर ठेवली. अर्ध्या तासात काम. एकूणएक डिझाइन शाबूत! मी आशेनं शेठकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते.

“सोमवारथी लूम पर आवी जजे.”

संध्याकाळी नळावर ही गर्दी. बन्सीलाल मिशीला तेल लावून आलेला. “सरका वं बायासवन, नवी सून उनी!”

मी हिरव्या लुगड्यात कमरेवर हंडा घेऊन अशी काही लचकत चाल केली, की भागीरथी मावशी हसून हसून ओट्यावर बसली. पोरं शिट्ट्या मारत होती. बायको रंजनाने पुढं होऊन माझा सुटलेला पदर खोचला आणि हळूच विचारलं, “शेठ काय बोलनात?”

“पयले हंडा भरू दे, मंग सांगसू.”

शर्त एकाच हंड्याची होती. तो भरला. मी तो उचलून रंजनाच्या डोक्यावर दिला, तिच्या हातातली रिकामी कळशी घेतली आणि परत लाइनीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.