रिकामा हौदा

मी सोंगेया गावच्या लाझारोची जुनी पिकअप. चाकांवर उभी आहे तोवर माझं थोडं ऐकून घ्या.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो लाझारोच्या हातांना येणारा कॉफीचा वास. मक्याची पोती, बोकड, लग्नाची वऱ्हाडं, सगळं मी वाहिलं. पाठीवरचा हौदा मात्र कुणी कधी धुतला नाही. यंदापर्यंत धुतला तो एकदाच, लाझारोचा भाऊ पावलो दार-ए-सलामच्या इस्पितळातून परत आला तेव्हा. त्याची बायको स्कोलास्तिका हिला फोनवर सगळे सांगत होते, "बरा आहे, घरी येतोय." वाईट बातमी फोनवर सांगायची आमच्याकडे रीत नाही. विमानाच्या पोटातून शवपेटी उतरली, तेव्हा तिला कळलं.

यंदा तिची लेक तेओफिला हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्याच शहरात गेली. काल तिच्यासोबत गेलेल्या मावशीचा फोन आला, "पोर बरी आहे, उद्याच्या विमानानं आणते."

"तिला दे फोन."

"झोपलीय गं ती."

सकाळी स्कोलास्तिका आमच्या दारात उभी. "भावोजी, पिकअप काढा."

"एका पोरीला पिकअप कशाला, वहिनी? टॅक्सी करू. ही म्हातारी कमरेचा भुगा करते."

"पिकअपच काढा. आणि हौदा धुवा."

लाझारोनं बादली आणली.

विमानतळाच्या कुंपणाशी आम्ही थांबलो. धूळ उडवत विमान उतरलं. लोक जिन्यावरून येऊ लागले, पण स्कोलास्तिकाची नजर सामानाच्या दारावर खिळलेली. माझीही. आतून एक लांबट खोकं निघालं आणि तिनं माझी कड घट्ट धरली. कुणाचा तरी पंखा होता तो.

"वहिनी, तिकडे काय बघताय? जिन्याकडे बघा!"

मावशीचा हात धरून तेओफिला हळूहळू येत होती. दुरूनच ओरडली, "आई, मला न्यायला आलीस की सामानाला?"

स्कोलास्तिकानं आधी बहिणीच्या पाठीत धपाटा घातला. "झोपलीय म्हणे!"

"अगं, झोपलीच होती! घोरत होती चांगली!"

मग लेकीला कवटाळून ती इतकी हसली, इतकी रडली, की रांगेतले टॅक्सीवालेही डोळे पुसू लागले. तेओफिला पुढे बसली. आई हौद्यात उभी राहिली आणि घरापर्यंत गात राहिली. इतकं हलकं ओझं मी जन्मात वाहिलं नव्हतं.

आता माझ्या स्प्रिंगा गेल्यात, पत्राही सडलाय. भंगारात जाण्याआधी एवढंच मागते. माणूस झोपलेला असला तरी उठवा, पण त्याला आईशी एक शब्द बोलू द्या.