आटवत नाही

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण त्यानं उचललं तर आतल्या बाजूला थेंब लोंबत होते – आणि ह्याला, वाफेचं असं पाणी होण्याला, काय म्हणतात ते काही केल्या सुचेना. शब्द होता, कालपर्यंत होता... त्यानं झाकण तिरकं केलं, थेंब एकमेकांत शिरून कडेला ओघळले, शब्द आला नाही. परवा किल्लीचं असंच झालं. किल्ली हातात होती आणि तिचं नाव नव्हतं. शिवाय, निम्मं होईस्तोवर आटवा, झाकण ठेवू नका, असं लेक बजावून गेली होती. मग ठेवलं कुणी? घरात दोघंच.

ती आत बॅग भरत होती. उद्या सकाळी परगावी, दोन वर्षांच्या नोकरीवर. बाबा एकटे नीट राहतील ह्या भरवशावर.

जाड कादंबऱ्या मुलांसाठी बारीक करण्यात त्याचा जन्म गेला. नायकाच्या दोन आत्या आणि एक अख्खा हिवाळा त्यानं एका दुपारी काढून टाकला होता, प्रकाशक खूश. आटवणं हाच धंदा, पण तो नीट जमला का, ही शंका कधी गेली नाही. दूध आटलं की दाट होतं, विहीर आटली की नुसता खड्डा... शब्द तोच. माझ्या डोक्यात यातलं कोणतं चाललंय, आणि हे विचारायचं कुणाला –

"बाबा, झालं का?" आतून हाक आली.

"चिमे, मला... मला आटवत नाही."

त्याला आठवत म्हणायचं होतं. जिभेनं ठ सोडून ट उचलला होता.

"मग नका आटवू, गॅस बंद करा. तुमच्या हाती दिलं की सगळं बारीकच व्हायचं. मी तुमच्या हाताखालून गेले असते तर आठ पानांत माझं लग्न लावून मोकळे झाला असता."

तो हसला. सुटलो, असं वाटलं. तिला काही कळलं नव्हतं आणि उद्या ती जाणार होती. त्यानं गॅस बंद केला. पुस्तकांतल्या अशाच जागांवर – माणूस घाबरून उभा आहे, बोलत नाही – तो लाल पेन्सिलीनं फुली मारायचा, समासात लिहायचा : इथे काही घडत नाही. किती माणसं अशी उभीच्या उभी कापली मी...

तो तिच्या दारापर्यंत गेला.

"मी दुधाचं म्हणत नव्हतो."

बॅगेच्या चेनवरचा तिचा हात थांबला. "मग कशाचं?"

त्याची भीती गेली नव्हती. पण सकाळपासून घरभर पसरलेली ती आता जेमतेम एका वाक्याएवढी उरली होती, आणि ते वाक्य त्याला शब्दन्‌शब्द येत होतं.