माझ्या जागेवर बसलेली ती

नारळाचं पाणी. कुंकवाचं बोट. काचेची नळी. जिंतूरच्या एका दुकानातला ओला कोपरा. हॉर्न. आणि ती.

मित्रांनो, या सगळ्यांच्या मधोमध पडलेली आहे ती मी. एक जुनी बॅटरी.

कारखान्यात माझ्या पोटात सहा घरं केली, शिशाच्या पट्ट्या बसवल्या, तेजाब ओतलं. पुढे मुंजाजीभाऊंनी मला त्यांच्या जीपमध्ये बसवलं. ही जीप चारठाणा गावच्या मुलींना जिंतूरच्या कॉलेजात पोचवायची. जीव माझा खर्ची पडायचा आणि मुली कौतुक करायच्या हॉर्नचं! दिव्यांनाही रोज फडकं मिळायचं. मला बॉनेटखालचा अंधार.

फक्त दसऱ्याला बॉनेट उघडायचं. मुंजाजीभाऊंच्या पत्नी बायनाबाई मला कुंकू लावायच्या. भाऊ नारळ फोडायचे आणि "इंजनालाबी मिळू दे" म्हणत पाणी आत शिंपडायचे. हॉर्नला कुंकू नसायचं. तेवढ्यावर मी पुढचं वर्ष काढायची.

पण दुसरा दसरा झाला आणि माझी ताकद जाऊ लागली. मुली जीपला धक्का मारू लागल्या. मग धक्का मारून कंटाळल्या आणि दुसऱ्याच्या जीपनं जाऊ लागल्या.

माझी वॉरंटी अजून उरली होती. भाऊ आणि बायनाबाईंनी मला जिंतूरच्या दुकानात आणलं. दुकानदार दिनकररावांनी माझ्या टोकांवरची पांढरी खपली पाहिली.

"हे काय सांडलंय?"

"दसऱ्याचं नारळपाणी," भाऊ खरं बोलून गेले.

"मग वॉरंटी गेली. चूक तुमची."

भाऊ बायकोकडे वळले. "तूच म्हनलीस, आतबी शिंपडा!"

"अन् मी हिरीत उडी मारा म्हनले तर मारता का?" बायनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी दिनकररावांकडे मोर्चा वळवला. "भाऊ, तुमी तपासलं न्हाई अन् न्हाई म्हनायलाव. आमच्या बचत गटात तोंडी 'न्हाई' चालत न्हाई. कामून न्हाई, ते लिहून द्या. शिक्का मारून. मंग आमी गिराइकाच्या कोर्टात इचारतो."

दिनकररावांचा हात पेनाकडे गेला, थांबला, आणि तेजाब तपासायच्या काचेच्या नळीकडे वळला.

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. दोष नारळाचा निघाला, तर मी चांगली ठरणार, पण बदली बॅटरी मिळणार नाही आणि जीप दारातच उभी राहणार. दोष माझा निघाला, तर जीप धावणार. माझ्याशिवाय.

मनात मी म्हणत होते, नारळच निघू दे.

दिनकररावांनी एकेका घरातलं तेजाब नळीत ओढलं. पाच घरांत नळीतली कांडी तरंगली. सहाव्यात बुडाली.

"एक घर मेलंय," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "वरच्या पान्यानं असं होत न्हाई. माल आतूनच कच्चा हाय. बदलून देतो."

ती आली. चकचकीत, उचलायला कडी असलेली. आणि बायनाबाईंनी पिशवीतून डबी काढून तिला तिथेच कुंकू लावलं. दसरा नसताना!

"नारळ?" भाऊंनी विचारलं.

"फोडा की. पर टायरापाशी."

(थांबा. दुकानासमोरून जीप गेली. मुलींनी भरलेली. हॉर्न तोच. माझ्या वेळेपेक्षा लवकर सुरू होते म्हणे. होऊ दे.)

मित्रांनो, बॅटरीची टोकं कोरडी आणि स्वच्छ ठेवा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नका, आणि कोणी नाही म्हणालं तर कारण लेखी मागा. माझ्यासारखीला बांधावर नेऊन फोडू नका. आमचं शिसं मातीत मुरतं. दुकानात परत द्या, मग कोपरा ओला असला तरी चालेल.

तिला एक गोष्ट ठाऊक नाही. तिला नवी वॉरंटी मिळालेली नाही. दिनकररावांनी तिचा नंबर माझ्याच कार्डावर लिहिला. माझे उरलेले महिने ती जगते आहे.

मला बसवलं त्या दिवशी जीप पहिल्याच किल्लीला सुरू झाली होती.